राखेच्या कड्याखाली

४ जानेवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडायला घेशील, म्हणून कामाचं आधी लिहितो. मी परत आलोय, आणि भाऊजी जिथे कामाला आहेत तिथेच मला काम लागलंय. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर तू म्हणाली असतीस, मुद्दाम केलं. मुद्दाम नाही केलं. वीजकेंद्राचं राखेचं तळं कायमचं बंद करायचंय. त्यासाठी लांब हाताच्या पोकलेनवर बसणारा माणूस हवा होता, आणि त्या तळ्यावर मशीन घालायला डोकं ठिकाणावर असलेली माणसं तयार होत नाहीत. माझं मागचं कुणी काही विचारलं नाही. ठेकेदाराने एवढंच विचारलं, "पोहता येतं का?" म्हटलं येतं. तर म्हणतो, "काही उपयोग नाही. राखेत पोहता येत नाही." आणि स्वतःच हसला.

तुमच्या गच्चीवरून तू तळं लांबून बघत असशील. चाळीस वर्षं कोळसा जाळून उरलेली राख पाण्यात कालवायची आणि पाइपाने इथे आणून ओतायची, असं चाललं होतं. आता ती वरून वाळलीय, सायकल चालवावी इतकी कडक दिसते. पण ती जखमेवरची खपली आहे. खाली सगळा रबडा. मशीन थरथरलं की तो रबडा हलतो आणि वरची खपली पोट वरखाली व्हावं तशी वरखाली होते. आम्ही आधी चर मारून पाणी काढतो. मग जाड ओंडक्यांची चटई टाकून तिच्यावर मशीन उभं करतो आणि पुढची राख उभी कापत आणतो. डंपर ती नव्या खड्ड्यात नेतात. त्या खड्ड्याला तळाशी जाड प्लास्टिक घातलंय, म्हणजे विहिरींत झिरपणार नाही. रिकाम्या झालेल्या जागेवर माती, मातीवर गवत. राख कापून जो उभा कडा राहतो त्याच्याखाली मशीन चालू असताना कुणी जायचं नाही, हा इथला पहिला नियम.

तो नियम पाळला जातो की नाही हे बघायला एक म्हातारे आहेत. गळ्यात शिट्टी, हातात लाल झेंडी. सगळे त्यांना शिट्टीमामा म्हणतात. त्यांनी शिट्टी मारली की मी थांबायचं. पहिल्या दिवशी म्हणाले, "माझ्या बायकोनंतर माझं ऐकणारा तूच पहिला. ती ऐकत नाही ते वेगळं."

भाऊजी त्याच दिवशी दिसले. राखेचे जुने पाइप उकलणाऱ्या टोळीचे ते मुकादम आहेत. जबडा डावीकडे अजून वाकडा आहे. त्यांनी मला बघितलं, मी त्यांना बघितलं. मी शांत आहे, ताई. अकरा महिने आत काढले की माणूस शांत होतो.

तुझ्या जबानीबद्दल मी काही लिहिणार नाही. तुझा मोडलेला हात फळीला बांधलेला बघून मी त्यांचा जबडा फोडला, आणि तू पोलिसांना सांगितलंस की हा दारू पिऊन घरात घुसला. त्या दिवशी मी चहासुद्धा प्यालो नव्हतो. तीन वर्षं झाली. लिहिणार नाही म्हटलं आणि लिहिलं.

हात आता कसा आहे?

तुझा भाऊ


२ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. असू दे.

भाऊजींच्या कपाळावर टेंगूळ आहे ते मी दिलंय. दाराला आपटलो असं ते सांगत असतील तर तसं नाही. तुमच्या घरात दाराला आपटणं फारच होतं.

झालं असं. कड्यालगतचा पाइप शनिवारपर्यंत काढून द्यायचा होता, तो निघाला नव्हता. माझं मशीन दोन दिवस उभं. मी मामांकरवी निरोप पाठवला. तर भाऊजी स्वतः बांधावर आले, मागे अख्खी टोळी. म्हणाले, "काय रे, आत पाइप उचलायला शिकवलं नाही का?" मग जवळ आले, आवाज अगदी मऊ करून म्हणाले, "तुझी ताई मजेत आहे हो. उजव्या हाताने केस तेवढे विंचरता येत नाहीत. मी देतो विंचरून." आणि हवेत हात फिरवून दाखवला. टोळी हसली.

मी डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि त्यांच्या कपाळात घातलं. त्यांनी दोन हातांचा पाना फिरवला तो माझ्या खांद्यावर बसला. आतून काहीतरी काडकन बोललं. मग आम्ही एकमेकांना धरून बांधावरून खाली, थेट राखेत. मी वर होतो. मी त्यांचं तोंड राखेत दाबलं. ते राख खात होते, ताई, नाकातोंडाने खात होते, आणि माझा गुडघा त्यांच्या मानेवर होता. मामा आमच्या कानाशी वाकून शिट्टी फुंकत होते, फुंकत होते, पण ती मला फार लांबून ऐकू येत होती. शेवटी डंपरवाल्या दोघांनी मला ओढून काढलं.

तळं बंद करण्याचं सगळं काम एका इंजिनियर बाईंकडे आहे. बुटक्या आहेत, पण त्या आल्या की डंपरसुद्धा नीट उभे राहतात. म्हणाल्या, "इथे मरायचं असेल तर माझी परवानगी लागते. ती मी दोघांनाही देत नाही." दोघांना लेखी ताकीद दिली, सही घेतली. भाऊजींनी माझ्याच पेनने सही केली आणि पेन खिशात घालून गेले.

खांदा बरा आहे. हाड चिरलंय, तुटलं नाही.

ताई, ते विंचरण्याचं खरं आहे का? एक ओळ लिही. एकच ओळ.


१९ फेब्रुवारी

ताई,

दवाखान्यात मी येऊन गेलो. तू आत होतीस. तुझ्या दोन्ही दिरांनी मला जिन्यातच अडवलं. थोरल्याने कॉलर धरून भिंतीवर आपटलं, आणि मग त्याचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. दहातली सात नखं गेलीत. त्याने कॉलर सोडली आणि मला मिठी मारली. "तू काढलंस त्याला," म्हणाला आणि माझ्या त्याच खांद्यावर डोकं ठेवून रडला.

तुला कोणी नीट सांगितलं नसेल म्हणून सांगतो. सोमवारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. कडा दोन पुरुष उंच होता. भाऊजींचा मोठा पाना खालच्या पाइपापाशी राहिला होता, तो घ्यायला ते एकटेच आत आले. मी भोंगा वाजवला. शिट्टीमामा जागेवर नव्हते, मला न सांगता कुठेतरी गेले होते. आणि कडा सुटला. मोठा आवाज होत नाही त्याचा. गोणी टाकल्यासारखा धप्प, मग धूळ. धूळ बसली तेव्हा फक्त एक हात आणि हेल्मेटची पिवळी कड दिसत होती. मी तशीच उडी मारून उतरलो आणि हातांनी उकरायला लागलो. फावडं घेतलं नाही, फावड्याने माणूस कापला जातो. तोंड मोकळं केलं. तोंडात बोट घालून राख काढली तेव्हा ते माझ्या बोटाला चावले, हाडापर्यंत. तेव्हा कळलं, जिवंत आहेत. कमरेखाली पाइप आडवा पडला होता. तोवर माणसं जमली. मी परत मशीनवर चढलो आणि पाइप उचलला. तो उचलताना त्यांच्या तोंडून जे निघालं ते अजून माझ्या कानात आहे. पाइपाला मांस चिकटून आलं.

पाय कापला हे कळलं. राख फुप्फुसात गेलीय हेही कळलं. वाईट झालं, एवढंच लिहितो.

तू जेवत जा.


२७ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. तीन वर्षांत पहिलं, आणि त्यात पाच शब्द. "खरं काय झालं ते लिही."

का विचारतेस? भाऊजींच्या गळ्यात नळी आहे, ते बोलत नाहीत. मग तुला कुणी काय सांगितलं?

चौकशीला बाहेरून एक अधिकारी आलेत. ऑफिसच्या लांब टेबलाशी आम्हाला एकेकाला नाही, सगळ्यांना एकदमच बसवलं. मी तेच सांगितलं जे तुला लिहिलं. त्यांनी विचारलं, भोंगा किती वेळा? मी म्हटलं, दोनदा. त्यांनी लिहून घेतलं. मग मामांना विचारलं, तुम्ही कुठे होता?

मामा म्हणाले, "पंपाची नळी फुटली साहेब. बाईंनी हाक मारली. जाताना याला सांगून गेलो ना मी, की मी येईपर्यंत मशीनला हात लावू नको."

अधिकारी माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मला काही ऐकू आलं नाही. इंजिन चालू होतं."

मामा माझ्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे. कानात पाणी गेल्यावर माणूस मान कलती करून ते निघायची वाट बघतो ना, तसे. मग म्हणाले, "नसेल आलं ऐकू. असेल बाबा, असेल." जागा सोडली म्हणून मामांना कामावरून काढलं. वर पोलिसांकडे नाव जाणार आहे. बाहेर पायरीवर बसून ते बुटाची नाडी बांधत होते. एकच नाडी, कितीतरी वेळ.

ताई, भोंगा मी वाजवला नाही. तू विचारलंस म्हणून लिहितो. घाईत राहून गेलं. बाकी सगळं खरं आहे.


६ मार्च

ताई,

बाकी सगळं खरं नाही.

आज मामा हेल्मेट आणि बूट परत करायला फाटकावर आले होते. घरच्या चपला घालून, बूट पुसून पिशवीत आणलेले. तुझे दोन्ही दीर फाटकाबाहेर उभे होते, बरोबर पाइपाच्या टोळीतले तिघे. थोरल्याच्या हातात पाइपाचा हातभर तुकडा. "हाच तो," एवढंच तो म्हणाला.

पहिला फटका तोंडावर. दात पडल्याचा आवाज होतो, मला माहीत नव्हतं. मामा खाली बसले तर धाकट्याने गळ्यातल्या शिट्टीच्या दोरीने त्यांना वर ओढलं. दोरी मानेत रुतली, चेहरा काळानिळा झाला, दोरी तुटली. मग लाथा. एकाने बूट घातलेला पाय डोळ्यावर ठेवला आणि टाच फिरवली. मामा ओरडत नव्हते. "सांगून गेलो, सांगून गेलो" एवढंच म्हणत होते, आणि तोंडात रक्त असल्याने ते "हांगून" असं ऐकू येत होतं. कुणीतरी त्याच्यावर हसलं.

मी दहा पावलांवर, कामावर जाणाऱ्यांच्या रांगेत. थोरल्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. त्याने बाकीच्यांना बाजूला केलं, वाट करून दिली. म्हणाला, "ये. तुझाही हक्क आहे."

मी पुढे झालो, ताई. मारलं नाही. पण पुढे झालो. मामांनी एका डोळ्याने मला बघितलं आणि हात वर केला. त्यांना वाटलं मी सोडवायला आलोय.

मी तिथे नुसता उभा राहिलो. इंजिनियर बाईंनी जीप भोंगा दाबून धरत सरळ त्या घोळक्यात घातली, धाकट्याला ढोपराला लागली, तेव्हा कुठे ते पांगले. मामांना उचलून जीपमध्ये घातलं ते बाईंनी आणि पहारेकऱ्याने.

आता लिहितो. खाडाखोड न करता.

मामा सांगून गेले होते. मला नीट ऐकू आलं, कारण इंजिन तेव्हा बंद होतं. मी हात वर करून हो म्हटलं. ते गेल्यावर भाऊजी आले, खाली बघत, पाना शोधत. मी इंजिन चालू केलं. त्या आवाजाने त्यांनी मान वर केली, मला ओळखलं आणि हवेत हात फिरवून केस विंचरल्याची खूण केली. मी मशीनचा हात पुढे टाकला आणि कड्याच्या ओठाचा एक घास घेतला. घाबरवायला. अंगावर थोडी राख पडेल, ते पळतील, धडपडतील, टोळी हसेल. असं मी स्वतःला सांगतो, आणि दिवसातून दोन-चारदा ते मला पटतंही.

अख्खा कडा खाली आला. धूळ बसली. हात दिसला. हात हलत होता, ताई. बोटं उघडत-मिटत होती, कुणाला तरी ये म्हणत असल्यासारखी. मी इंजिन बंद केलं आणि बसून राहिलो. काचेवर राख बसली होती. नीट दिसावं म्हणून मी वायपर लावला. वायपर इकडून तिकडे जात होता आणि मी बघत होतो. किती वेळ ते सांगता येणार नाही. बोटं थांबली. तरी मी बसलेलोच. मग बांधावरून मामा धावत येताना दिसले, शिट्टी फुंकत, एवढा म्हातारा माणूस. तेव्हा मी उतरलो. कुणीतरी बघतंय म्हणून उतरलो.

नखं गेली ती खरी. बोट चावलं तेही खरं. पण ते सगळं मामा आल्यानंतरचं. मामाही माझ्याबरोबर हातांनीच उकरत होते. त्यांच्या हातांकडे तुझ्या दिरांनी बघितलंच नाही.


१४ मार्च

ताई,

हे पत्र पोलिसांच्या पहाऱ्यात, दवाखान्याच्या खाटेवरून. शाई सांडली तर समजून घे, डाव्या हाताने लिहितोय.

सात तारखेला सकाळी मी बाईंच्या ऑफिसात गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. संपल्यावर त्यांनी वही पुढे ओढली आणि म्हणाल्या, "पुन्हा सांग. हळू. मला लिहायचंय." मी पुन्हा सांगितलं. वायपरपाशी आलो तेव्हा त्यांचं पेन थांबलं. "वायपर?" म्हणाल्या. मी म्हटलं, हो. त्यांनी लिहिलं. मग उठून खिडकीशी गेल्या आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "मामांचा डोळा काढावा लागला काल. तुला माहीत असावं म्हणून सांगते. आता बाहेर बस, मला तू इथे नको आहेस."

मी बाहेर बसलो. पोलिसांची गाडी यायच्या आधी बातमी फाटकापर्यंत गेली होती. तुझे दीर दोघेही अजून मोकळेच होते. धाकटा लंगडत होता तरी आला. त्यांनी मला जिन्यावरून खाली ओढलं. मी हात उचलला नाही असं लिहिलं तर बरं दिसेल, पण तसं नाही. उचलता येत नव्हता, टोळीतल्या दोघांनी धरून ठेवला होता. सोडला असता तर मी मारलं असतं. थोरल्याने ज्या तुकड्याने मामांना मारलं त्याच तुकड्याने माझा गुडघा फोडला. तीन बरगड्या गेल्या, उजव्या हाताची दोन बोटं उलटी वळली. मारताना तो रडत होता. "मी तुला मिठी मारली रे," म्हणत होता, प्रत्येक फटक्याला एकदा. पोलीस आले, त्यांनी आधी मलाच बेड्या घातल्या, मग त्या दोघांना. आम्ही तिघे एकाच गाडीत गेलो. धाकट्याने माझ्या तोंडावरचं रक्त पुसायला रुमाल दिला आणि लगेच काढून घेतला.

माझ्यावर जिवे मारायचा प्रयत्न केल्याचा गुन्हा लागलाय. अपघाताच्या प्रकरणातून मामांचं नाव काढा असं मी लिहून दिलंय, सही डाव्या हाताची आहे म्हणून दोन साक्षीदार घेतले. कामाचं म्हणशील तर काम थांबलेलं नाही. माझ्या मशीनवर दुसरा माणूस बसलाय. तो कडा त्यांनी आता उतरता कापून घेतला, जो आधीच घ्यायला हवा होता.

आता तुला माझ्याकडून काही कळायचं राहिलेलं नाही. उत्तर लिही असं म्हणत नाही.


२१ एप्रिल

बारक्या,

तुझी सगळी पत्रं माझ्याकडे आहेत. एकही फाडलं नव्हतं. पिठाच्या डब्यामागे ठेवत होते.

खरं काय झालं असं मी विचारलं, कारण तू लिहिलं होतंस की फावडं घेतलं नाही, फावड्याने माणूस कापला जातो. तू लहानपणापासून खोटं बोलतोस तेव्हा असे बारीकसारीक तपशील देतोस. खरं बोलतोस तेव्हा दोन शब्दांत उरकतोस.

विंचरायचं विचारलं होतंस. हो. डाव्या हाताने केसांचा पेड मुठीत धरायचा आणि उजव्याने विंचरायचा. मी हललेच तर मूठ आवळायचा. शेजारच्या बायका म्हणायच्या, किती करतो बाई तुझा नवरा तुझं. त्याला मी आता अहो-जाहो करत नाही, तेवढं ध्यानात घे.

नळी काढल्यावर पहिलं वाक्य शिवी होतं, मला. दुसरी तुला. पंधरा दिवसांपूर्वी त्याला घरी आणलं. एक पाय नाही, दुसरा लोंबता, पण कमरेपासून वर सगळं शाबूत. चौथ्या दिवशी दुपारी पाणी कोमट लागलं म्हणून त्याने स्टीलचा पेला फेकून मारला. माझी भुवई फाटली. मी फडक्याने रक्त दाबलं, पेला उचलला, गार पाणी भरून आणून दिलं. त्याने प्यायलं. मग मी त्याच्या डोक्याखालची उशी काढली आणि त्याच्या तोंडावर ठेवून तिच्यावर बसले. हो, बसले. हातात तेवढा जोर नाही माझ्या. त्याने माझ्या पाठीत बुक्क्या मारल्या, पाठ अजून हिरवी आहे. मग बुक्क्या सैल पडत गेल्या. मी उठले आणि उशी काढली. त्याचे डोळे उघडे होते आणि तो मला घाबरला होता. बारा वर्षांत पहिल्यांदा. मला ते फार आवडलं. उशी मी पुन्हा उचलली होती, बारक्या. पुन्हा ठेवायला निघाले होते.

ती खिडकीतून बाहेर फेकली आणि थोरल्या दिराला फोन केला. दोघे दीर जामिनावर सुटलेत. म्हटलं, तुमचा भाऊ घेऊन जा. म्हणतो, वहिनी, असं कसं. म्हटलं, नाही नेलात तर संध्याकाळपर्यंत मी त्याला मारीन, आणि हे मी रागात बोलत नाही. अर्ध्या तासात दोघे आले आणि त्याला खाटेसकट उचलून घेऊन गेले. तो जिन्यात माझ्याकडे बघत नव्हता.

भुवईला टाके घालून घेतले आणि तशीच पोलीस ठाण्यात गेले. तीन वर्षांपूर्वीची जबानी खोटी होती असं सांगितलं. माझा भाऊ प्यालेला नव्हता, माझा हात नवऱ्याने मोडला होता, दाराच्या फटीत धरून. हवालदार म्हणाला, "आता आठवलं होय बाई?" मी म्हटलं, "आठवत रोज होतं. बोलले आज." उशीचंही सांगितलं. तो म्हणाला, ते कशाला लिहिताय? मी म्हटलं, लिहा.

तुझा मला राग आहे, आणि तो जाईल असं वाटत नाही. तू त्याला गाडायला निघालास ते माझ्या नावावर, आणि मी तुला सांगितलं नव्हतं. तू माझ्याकडे एकच ओळ मागितली होतीस. तिथे माझंही चुकलं. मी एक ओळ लिहिली असती तर तू त्या काचेमागे बसला असतास की नाही, हे मी रोज भांडी घासताना स्वतःला विचारते.

काल मामांकडे गेले. मामींनी दार उघडलं. मी कोण ते सांगितलं. त्यांनी काडकन माझ्या थोबाडीत मारली. "ही तुझ्या भावाची," म्हणाल्या. दुसऱ्या गालावर दुसरी. "ही तुझ्या दिरांची." मग विचारलं, "आणि तू गं? तू काय केलंस?" मी म्हटलं, "मी तीन वर्षांपूर्वी खोटं बोलले, तिथून हे सगळं सुरू झालं." आणि मीच गाल पुढे केला. त्यांनी हात उगारला. तो तसाच राहिला वर. त्या माझ्या भुवईकडे बघत होत्या. म्हणाल्या, "टाके कुणी घातले? वाकडे घातलेत मेल्याने." मग दार तसंच उघडं टाकून आत गेल्या. बस म्हणाल्या नाहीत, जा असंही म्हणाल्या नाहीत. मी आत गेले.

मामा भिंतीला टेकून बसले होते. दात नाहीत, त्यामुळे बोलणं नीट कळत नाही, मामी समजावून सांगतात. त्यांना कंपनीने अजून परत घेतलेलं नाही. बाईंनी पत्र पाठवलंय वर, पण वरचे म्हणतात कोर्टाचं होऊ दे. मामांनी मला दोनदा विचारलं, तुझा भाऊ तिथे काय बोलणार? तुझा वकील तुला जबानी बदलायला सांगतोय हे माझ्या कानावर आलंय. वायपरचं काढून टाक, मामा सांगून गेले ते नक्की आठवत नाही असं म्हण, म्हणजे शिक्षा निम्मी होईल, असं तो म्हणतो ना?

मी मामांना सांगून आलेय की माझा भाऊ लिहून दिलंय तेच बोलेल, एक शब्द कमी नाही. मामींसमोर सांगितलंय. आता मला खोटं पाडू नकोस.

ताई